स्मिथसोनियन दाखवताना

अमेरिकेची स्मिथसोनियन संस्था म्हणजे २१ संग्रहालये, एक प्राणिसंग्रहालय आणि अनेक संशोधन केंद्रे यांचा मिळून झालेला पसारा. तिच्या ताब्यात १५ कोटींहून अधिक वस्तू आणि नमुने आहेत. त्यांतला जेमतेम एक टक्का एका वेळी लोकांसमोर मांडलेला असतो. संग्रहालयांपैकी निम्म्याहून अधिक वॉशिंग्टन शहरात, नॅशनल मॉल या विस्तीर्ण हिरवळीच्या दोन्ही बाजूंना उभी आहेत. हिरवळीच्या एका टोकाला कॅपिटॉलचा घुमट दिसतो, दुसऱ्या टोकाला लिंकन स्मारक. मधले अंतर सुमारे तीन किलोमीटर.

ही संग्रहालये पाहुण्यांना फिरून दाखवणे हे वॉशिंग्टनमध्ये अनेकांचे काम आहे. संस्थेने शिकवून तयार केलेले स्वयंसेवी मार्गदर्शक ते करतात, सहलींबरोबर आलेले गाईड करतात आणि आसपासच्या व्हर्जिनिया-मेरीलँडमध्ये राहणारी मराठी कुटुंबेही उन्हाळ्यात पुण्या-नागपूरहून आलेल्या आई-वडिलांसाठी तेच करतात. काम सोपे वाटते, पण ते जमायला वेळ लागतो. पाहुण्याच्या हातात यादी असते आणि यादीत सगळेच असते. एका दिवसात चार संग्रहालये ‘करायची’ ठरवून निघालेली मंडळी दुपारी दोनपर्यंत बाकावर टेकलेली दिसतात. पाय दुखत असतात, डोळे काचपेट्यांवरून नुसते सरकत असतात, आणि सकाळी काय पाहिले ते आठवेनासे झालेले असते. दाखवणाऱ्याला पहिली गोष्ट कळते ती अशी की माणसाचे लक्ष दोन-अडीच तास टिकते. म्हणून सकाळी एक संग्रहालय, त्यातही दोन-तीन दालने, मग जेवण, मग हिरवळीवर थोडा निवांतपणा, आणि उरलेली हौस असेल तर दुसरे संग्रहालय, असा क्रम चांगला चालतो.

हा क्रम परवडतो, कारण दारावर तिकीट नाही. न्यूयॉर्कमधले कूपर ह्यूइट हे संग्रहालय सोडले तर स्मिथसोनियनच्या सर्व संग्रहालयांत प्रवेश मोफत आहे आणि नाताळचा दिवस वगळता ती एरवी वर्षभर उघडी असतात. पैसे मोजून आत गेलेला माणूस ते वसूल करायला धावतो. मोफत दारातून गेलेला माणूस एकच दालन पाहून बाहेर पडू शकतो आणि उद्या पुन्हा येऊ शकतो. त्या शहरात राहणाऱ्यांना जेवणाच्या सुट्टीतही डायनोसॉर पाहून येता येते. संस्थेच्या सगळ्या ठेव्यात हे उघडे दार सर्वांत मोलाचे मानायला हरकत नाही.

त्या दारामागे एका इंग्रज माणसाचे मृत्युपत्र आहे. जेम्स स्मिथसन हा रसायन आणि खनिजे यांचा अभ्यासक. जस्ताच्या एका खनिजाला त्याच्या नावावरून स्मिथसोनाइट म्हणतात. १८२९ मध्ये तो इटलीतील जिनोआ येथे वारला. त्याने संपत्ती पुतण्याच्या नावे केली, पण पुतण्या निपुत्रिक वारल्यास सारी मालमत्ता अमेरिकेला द्यावी आणि तीतून वॉशिंग्टन येथे ज्ञानाची वाढ आणि प्रसार यांसाठी एक संस्था काढावी, असे लिहून ठेवले. पुतण्या १८३५ मध्ये निपुत्रिक गेला. ज्या देशाला हे दान मिळाले त्या देशात स्मिथसनने आयुष्यात पाऊल ठेवले नव्हते, आणि त्याने असे का केले हे कागदोपत्री कुठेच सांगितलेले नाही. १८३८ मध्ये एक लाखाहून अधिक सोन्याची नाणी जहाजाने आली. त्यांची किंमत पाच लाख डॉलरांच्या वर भरली. दान घ्यावे की नाही यावर आधी, आणि त्याचे काय करावे यावर नंतर, असा काँग्रेसमध्ये वर्षानुवर्षे वाद चालला आणि १८४६ मध्ये संस्था स्थापन झाली. लाल वालुकाश्मातली तिची पहिली इमारत १८५५ मध्ये पूर्ण झाली. तिला सगळे ‘कॅसल’ म्हणतात. दात्याच्या अस्थी १९०४ मध्ये जिनोआहून आणून तिथेच ठेवल्या. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल त्या आणायला स्वतः गेला होता.

ही कहाणी आधी सांगितली तर पुढचे पाहणे बदलते. पाहुणा मग प्रत्येक वस्तूपाशी विचारू लागतो, की ही इथे आली कशी? दाखवणाऱ्यालाही अनुभवाने हेच उमगते. वस्तूचे वय, वजन आणि माप पाटीवर लिहिलेले असतेच. माणसे खिळून राहतात ती तिच्या प्रवासाच्या हकिगतीने.

नैसर्गिक इतिहासाचे संग्रहालय १९१० मध्ये उघडले. घुमटाखाली, खांद्यापाशी १३ फूट उंच असा आफ्रिकन हत्ती उभा आहे. तो अंगोलातला असून १९५९ पासून तिथे आहे. तो हत्ती ही सर्वांची भेटायची खूण: चुकलेली मुले, मागे राहिलेले आजोबा, सगळे त्याच्या सोंडेपाशी सापडतात. तिथून माणसांचा ओघ वरच्या मजल्यावर, होप हिऱ्याकडे वळतो. ४५.५२ कॅरटचा हा निळा हिरा गोवळकोंड्याच्या मुलखातला, कृष्णाकाठच्या कोल्लूर खाणीतला मानला जातो. ताव्हेर्निये या फ्रेंच व्यापाऱ्याने तो हिंदुस्थानातून नेला आणि १६६८ मध्ये चौदाव्या लुईला विकला. राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९२ मध्ये, तो चोरीला गेला आणि नंतर पुन्हा कापलेल्या रूपात इंग्लंडमध्ये वर आला. १९५८ मध्ये न्यूयॉर्कचा जवाहिऱ्या हॅरी विन्स्टन याने तो संस्थेला दान दिला, आणि पाठवला तो साध्या नोंदणीकृत टपालाने, खाकी कागदात गुंडाळून. टपालखर्च दोन डॉलर ४४ सेंट, बाकीचे पैसे विम्याचे. भारतीय पाहुणे या काचपेटीपाशी जरा गप्प होतात. त्यांना तो हिरा ओळखीचा वाटतो आणि त्याच वेळी परकाही. हा हिरा कोहिनूरसारखा लुटून नेलेला नसून विकत घेतलेला होता, हेही तिथे सांगावे लागते. मात्र खाणीत राबणाऱ्या हजारो माणसांपैकी एकाचेही नाव त्या कहाणीत उरलेले नाही.

मुलांना हिऱ्यापेक्षा खालच्या मजल्यावरचे जीवाश्मांचे दालन प्यारे. ते नव्याने मांडून २०१९ मध्ये उघडले. त्यातला टिरॅनोसॉरस ट्रायसेराटॉप्सच्या डोक्यात दात रोवून उभा केला आहे. त्याचे अवशेष १९८८ मध्ये मोंटानात कॅथी वँकेल या पशुपालक बाईला सापडले. जवळच काचेच्या भिंतीआड स्वयंसेवक बारीक हत्यारांनी खडक खरवडून हाडे मोकळी करत असतात. हे काम महिनोन्महिने चालते. त्या काचेला नाक लावून उभे राहिलेल्या मुलाला तिथून हलवू नये, यादीतले बाकीचे राहिले तरी चालेल.

हवाई आणि अवकाश संग्रहालय १ जुलै १९७६ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीच्या वेळी उघडले. चंद्रावर जाऊन आलेल्या अपोलो ११ चे ‘कोलंबिया’ हे यान याच संग्रहालयाच्या मालकीचे आहे. अपोलो १७ ने आणलेल्या चंद्राच्या खडकाचा एक तुकडा लोकांना हात लावायला ठेवला, आणि लाखो बोटांनी तो गुळगुळीत झाला. राइट बंधूंचे १९०३ चे विमान हा तिथला खरा मानबिंदू. १७ डिसेंबरच्या त्या सकाळी पहिले उड्डाण १२ सेकंदांचे झाले आणि त्यात जेमतेम १२० फूट अंतर कापले गेले. विमानापुढे उभे राहिले की त्याचा लाकडी सांगाडा आणि कापडी पंख पाहून माणूस थक्क होतो. आजच्या मोठ्या प्रवासी विमानाच्या पंखांच्या पूर्ण विस्ताराइतकेही अंतर त्या पहिल्या उड्डाणात कापले गेले नव्हते.

या विमानाची हकिगत संस्थेला फारशी भूषणावह नाही, म्हणूनच ती सांगण्यासारखी आहे. त्या काळी स्मिथसोनियनचा प्रमुख सॅम्युएल लँगली स्वतः विमान बनवत होता. त्याचे यंत्र राइट बंधूंच्या यशाच्या नऊच दिवस आधी पोटोमॅक नदीत कोसळले. पुढे १९१४ मध्ये त्या यंत्रात फेरफार करून ते थोडे उडवण्यात आले, आणि माणसाला घेऊन उडण्यास समर्थ असे पहिले विमान लँगलीचेच, असे संस्था सांगू लागली. ऑर्व्हिल राइट दुखावला. त्याने आपले विमान १९२८ मध्ये लंडनच्या सायन्स म्युझियमला पाठवून दिले. संस्थेने १९४२ मध्ये आपले म्हणणे मागे घेतले. ऑर्व्हिलच्या मृत्यूनंतर, १७ डिसेंबर १९४८ रोजी, विमान वॉशिंग्टनमध्ये लोकांसमोर आले. त्या वेळच्या करारात अट आहे: राइट बंधूंच्या आधी कोणी दुसऱ्याने मानवी नियंत्रणाखालील शक्तिचलित उड्डाण केले, असे संस्थेने कधी मांडले तर विमान वारसांकडे परत जाईल.

मराठी पाहुण्यांपैकी कोणीतरी या ठिकाणी शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव काढतोच. तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, ही आठवण महाराष्ट्रात पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. तळपदे हे खरे, धडपडे अभ्यासक होते, पण त्या उड्डाणाचा समकालीन ठोस पुरावा हाती नाही. राइट बंधूंकडे त्या सकाळचे छायाचित्र आहे, वाऱ्याच्या वेगाच्या आणि वेळेच्या नोंदी आहेत, पाहणाऱ्यांची नावे आहेत. श्रेयाचा वाद आला की तो भावनेवर सुटत नाही आणि संस्थेच्या मोठेपणावरही सुटत नाही, हे लँगलीचे उदाहरण समोरच दाखवते. पुरावा जपून ठेवणे हेच संग्रहालयाचे काम, हा धडा त्या दालनात शेजारी शेजारी मांडल्यासारखा मिळतो.

अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात एका अंधाऱ्या दालनात मोठा ध्वज तिरप्या मेजावर पसरून ठेवला आहे. १८१४ च्या सप्टेंबरात इंग्रजांच्या तोफखान्यापुढे बाल्टिमोरच्या मॅकहेन्री किल्ल्यावर फडकलेला हा ध्वज. अमेरिकेच्या राष्ट्रगीताचा जन्म त्याच प्रसंगातला. मेरी पिकर्सगिल या बाईने तो शिवला तेव्हा तो ४२ फूट लांब होता, आता ३४ फूट उरला आहे. आठ फूट झिजून गेले नाहीत. किल्लेदाराच्या घरच्यांनी ते कापून कापून आठवण म्हणून लोकांना वाटले. पंधरा ताऱ्यांतला एक ताराही असाच गेला. कापड इतके नाजूक झाले आहे की दिव्यांचा उजेड मुद्दाम अगदी मंद ठेवावा लागतो, आणि छायाचित्रे काढायला मनाई आहे. आत शिरताना डोळे सरावायला मिनिटभर लागते. तेवढे थांबले तर शिवणीचे टाकेही जाणवतात. याच संग्रहालयात ग्रीन्सबरो गावातल्या वूलवर्थ दुकानाच्या उपाहारगृहाचा एक तुकडा आहे: काउंटर आणि चार स्टुले. १ फेब्रुवारी १९६० रोजी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी तिथे बसले आणि कोणी वाढले नाही तरी उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी आले. जुलैअखेर ते काउंटर सर्वांना खुले झाले. सत्याग्रहाचा हा मार्ग गांधीजींच्या विचारातून अमेरिकेत पोचला होता, हे भारतीय पाहुण्याला वेगळे सांगावे लागत नाही.

या काउंटरनंतर आफ्रिकन अमेरिकन इतिहास आणि संस्कृतीच्या संग्रहालयात जावे, हा क्रम बहुतेक मार्गदर्शकांना योग्य वाटतो. ते २४ सप्टेंबर २०१६ रोजी उघडले. कांस्यरंगी जाळीच्या तीन उलट्या टोपल्या एकावर एक रचाव्यात तशी वास्तुविशारद डेव्हिड अजाय यांची ती इमारत दुरूनच उठून दिसते. तिच्या आकाराचे मूळ योरुबा शिल्पातल्या मुकुटात आहे, आणि जाळीच्या नक्षीचे मूळ अमेरिकेच्या दक्षिण भागात गुलाम कारागिरांनी घडवलेल्या लोखंडी कामात. इमारतीचा निम्म्याहून अधिक भाग जमिनीखाली आहे. पाहुणा मोठ्या लिफ्टने खाली जातो, आणि जाताना भिंतीवर मागे मागे जाणारी सालं दिसत राहतात. खाली पंधरावे शतक. तिथून उताराउताराने वर चढत यायचे.

हे दालन दाखवताना बोलणे कमी करावे लागते. लहान मुलांच्या मनगटाच्या मापाच्या बेड्या पाहिल्यावर बहुतेक जण स्वतःहून गप्प होतात. १७९४ मध्ये केपटाउनजवळ बुडालेल्या ‘साओ जोझे’ या पोर्तुगीज जहाजातल्या काही वस्तू संग्रहालय उघडले तेव्हा इथे मांडल्या होत्या. मोझांबिकहून चारशेच्या वर माणसे त्यात कोंडून नेली जात होती आणि त्यांतली सुमारे निम्मी बुडाली. मांडलेल्या वस्तूंत साधे लोखंडी ठोकळे होते. सोन्याचांदीच्या किंवा धान्याच्या मालापेक्षा माणसांचा ‘माल’ हलका भरतो, म्हणून जहाजाचा तोल राखायला ते तळाशी ठेवत. गुलामगिरीच्या व्यापाराचा हिशेब त्या ठोकळ्यांइतका उघड दुसऱ्या कशातच दिसत नाही. पुढे टॉमस जेफरसनचा पुतळा आहे. मागे विटांची भिंत आणि विटेविटेवर नाव: जेफरसनच्या मालकीच्या गुलामांचे. सर्व माणसे समान आहेत असे लिहिणारा हात आणि ती नावे एकाच नजरेत येतात.

त्याहून वरच्या मजल्यावर रेल्वेचा एक जुना डबा आहे, गोऱ्यांसाठी वेगळी आणि काळ्यांसाठी वेगळी आसने असलेला. तो इतका मोठा आहे की पूर्ण झालेल्या इमारतीत नेणे शक्य नव्हते. म्हणून २०१३ मध्ये क्रेनने तो आधी खड्ड्यात उतरवला आणि इमारत त्याच्याभोवती वर चढवली. डब्यातून चालत जाता येते. काळ्यांच्या भागातली अरुंद जागा, लहान स्वच्छतागृह, हे शरीराला कळते. एमेट टिल या १४ वर्षांच्या मुलाची शवपेटी वेगळ्या खोलीत आहे. १९५५ मध्ये मिसिसिपीत त्याचा खून झाला. त्याचे काय केले ते जगाने पाहावे, म्हणून त्याच्या आईने पेटी उघडी ठेवून अंत्यविधी केला. त्या खोलीत छायाचित्र काढू देत नाहीत, आणि रांगेत उभे असलेले लोक कुजबुजतसुद्धा नाहीत.

मराठी वाचकाचा या तळघराशी जुना संबंध आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली. अमेरिकेत गुलामी मोडायला झटलेल्या तिथल्या सज्जन लोकांना त्यांनी ती अर्पण केली, आणि शूद्र बांधवांच्या सुटकेसाठी देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा अशी आशा व्यक्त केली. त्या वेळी अमेरिकेत गुलामी कायद्याने संपून आठच वर्षे झाली होती. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यूबॉइस यांना पत्र लिहिले. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले गेले. हे सगळे त्या संग्रहालयाच्या कुठल्या पाटीवर असावे अशी अपेक्षा नाही. पण पुण्यात फुल्यांची समताभूमी पाहिलेला पाहुणा गुलामांच्या नावांच्या त्या भिंतीपुढे उभा राहिला की त्याला हे आठवते, आणि ज्याला आठवत नाही त्याला ते दाखवणाऱ्याने सांगावे. परदेशातले संग्रहालय तेव्हा त्याच्यासाठी परके राहत नाही.

वर आल्यावर एक शांत दालन आहे, छतातून पाणी गोल धारेत पडत असते. तिथे बसावे. वरचे मजले संगीत, खेळ, नाटक-सिनेमा यांचे आहेत आणि ते आनंदाचे आहेत. खालून वर येताना माणसाला त्या आनंदाचा अर्थ नीट लागतो. घाईने आधी वरचे मजले पाहणाऱ्यांना ते नुसते रंगीत वाटतात. या संग्रहालयासाठी वेळ ठरवून मिळणारा मोफत पास आधी घ्यावा लागतो, ही एक गोष्ट मात्र विसरून चालत नाही.

अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचे संग्रहालय २००४ मध्ये उघडले. पिवळसर चुनखडीच्या दगडातली त्याची वळणदार इमारत वारा-पाण्याने झिजलेल्या कड्यासारखी दिसते आणि तिचे दार पूर्वेला आहे. मूळ जमातींनी गोऱ्या सरकारशी केलेल्या तहांचे दालन तिथे पाहण्यासारखे आहे. कोणता तह केव्हा झाला आणि तो केव्हा मोडला, हे ओळीने वाचत जावे. या जमातींच्या पूर्वजांच्या अस्थी परत देण्याचे बंधन १९८९ च्या कायद्याने स्मिथसोनियनवर आले. परत देण्याचा हा विचार पुढे रुंदावत गेला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये बेनिनची २९ शिल्पे नायजेरियाला देण्यात आली. वस्तू इथे आली कशी, या प्रश्नाचे उत्तर कधी कधी असेही असते.

आशियाई कलेच्या संग्रहालयात गर्दी नसते. त्याचा फ्रीअर भाग १९२३ मध्ये उघडला. दहाव्या शतकातल्या चोळ राणी सेंबियन महादेवीची म्हणून ओळखली जाणारी, पार्वतीरूपातली कांस्यमूर्ती आणि व्हिसलरने रंगवलेली मोरांची खोली, एवढ्यासाठी तास काढला तरी पुरतो. समोरच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टचा कारभार वेगळा आहे, तरी पाहुणे तिला याच संस्थेत धरतात. प्रवेश तिथेही मोफत आहे.

शेवटी उरते ते शहराबाहेर, डलस विमानतळाजवळचे उडवार-हेझी केंद्र. हवाई संग्रहालयाचा हा दुसरा भाग डिसेंबर २००३ मध्ये उघडला. ३९ वेळा अवकाशात जाऊन आलेले ‘डिस्कव्हरी’ यान, कॉन्कॉर्ड आणि काळेकुट्ट ब्लॅकबर्ड विमान एका छताखाली आहेत. हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणारे ‘एनोला गे’ही इथेच आहे. बॉम्बस्फोटाला ५० वर्षे झाली तेव्हा या विमानाच्या पुढच्या भागासह हिरोशिमात काय झाले तेही मांडायचे ठरले होते. माजी सैनिकांच्या संघटनांनी तीव्र आक्षेप घेतला, जानेवारी १९९५ मध्ये ते प्रदर्शन रद्द झाले आणि संग्रहालयाच्या संचालकांनी पद सोडले. विमान आता पूर्ण जोडून, चकचकीत करून ठेवले आहे. त्याची पाटी मुख्यतः विमानाविषयी बोलते. खाली काय झाले ते पाहुण्याला दाखवणाऱ्याकडून ऐकावे लागते, आणि ते दोन-चार वाक्यांत का होईना, सांगितलेच पाहिजे. केंद्रात वरच्या गॅलरीतून दुरुस्तीचा कारखाना दिसतो. जुन्या विमानांचे सांधे सुटे करून कारागीर तिथे काम करत असतात. प्रवेश इथेही मोफत आहे, गाडी उभी करण्याचे पैसे तेवढे पडतात. गाडी नसेल तर मेट्रोची सिल्व्हर लाइन २०२२ पासून विमानतळापर्यंत जाते आणि तिथल्या परिसरातून केंद्राकडे बस मिळते.